वटहुकूम 1943चा, न्याय 2024चा

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत ‘नीट’ म्हटले की एमबीबीएसच डोळ्यांसमोर येते. पण 2022 पासून लष्करी परिचर्या सेवेच्या बी.एस्सी. नर्सिंगची वाटही याच गुणांवरून सुरू होते. पुण्याचे एएफएमसी आणि मुंबईचे ‘अश्विनी’ रुग्णालय धरून देशभरात मोजक्या 220 जागा. आपल्या मुलींनी ही वाट जरूर धरावी, मात्र आधीच्या बायकांनी ती स्वतः झिजून कशी घडवली हे ठाऊक असावे.

दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली निघालेल्या वटहुकुमाने परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा दिला आणि त्यांच्या सेवेला ‘साहाय्यक दल’ही म्हटले. तो वटहुकूम आजही लागू आहे. पुढचे कितीतरी वाद तिथूनच उगवले.

काम मात्र कधी साहाय्यक नव्हते. मणक्याला गोळी लागलेल्या जवानाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, मध्यरात्रीसुद्धा. टाचा, माकडहाड, खांदे रोज निरखायचे. कातडी लालसर दिसली की तिथला दाब लगेच काढायचा, नाहीतर जखम हाडापर्यंत पोचते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जबर जखमी होऊन कमरेखाली लुळे पडले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहून सुवर्णपदक घेऊन आले. असे जवान पुन्हा उभारी धरतात त्यामागे महिनोन्‌महिन्यांची शुश्रूषा असते. तिची नोंद कोणी ठेवत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

1976 मध्ये याच सेवेतल्या जी. अली राम देशातल्या पहिल्या महिला मेजर जनरल झाल्या. आणि 1977 च्या लष्करी सूचनेत, परिचारिकेने लग्न केले तर तिला सेवेतून काढता येईल, अशी तरतूद होती! लेफ्टनंट सेलिना जॉन यांची नोकरी 1988 मध्ये अशीच गेली. 1995 मध्ये सूचना रद्द झाली, त्यांचा लढा चालूच राहिला. अखेर फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा उघड लिंगभेद ठरवून 60 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तरुणपणी गेलेली नोकरी मात्र परत मिळाली नाही.

एप्रिल 2025 मध्ये आणखी एक निकाल आला: या सेवेतून मुदत संपून बाहेर पडलेल्या अधिकारीही ‘माजी सैनिक’च. तो वाद पंजाबच्या भरती नियमांवरचा होता. आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी असा वाद उभा राहण्याची वाट पाहत बसू नये. माजी सैनिकांसाठीच्या प्रत्येक जाहिरातीत लष्करी परिचर्या सेवेचे नाव स्पष्ट छापून घ्यावे.