समजून घ्या : भंडारदऱ्यातल्या खोलीला पांढरा की गडद निळा?

काजव्यांचा हंगाम जवळ आला की भंडारदऱ्यात पर्यटकांना खोली भाड्याने देणाऱ्यांची रंगकामाची घाई सुरू होते. मोबाइलवरच्या फोटोत गडद निळी भिंत झकास दिसते. पण तीच खोली जुलैत कशी दिसेल?

घाटघर-रतनवाडीचा हा पट्टा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा. ऐन पावसाळ्यात धुकं दिवसदिवस हटत नाही. त्यात वीज गेली की खिडकीतून येईल तेवढाच उजेड. पांढरा रंग भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत पाठवतो, गडद निळा जेमतेम १० टक्के. हाच उजेड दुसऱ्या भिंतीवरून परतला की पांढऱ्या खोलीत १०० पैकी ६४ भाग उरतात, निळ्या खोलीत अवघा १. चारही भिंती निळ्या केल्या तर भर दुपारी बॅटरी शोधावी लागेल.

गडद रंगात बुरशी दिसत नाही, असं अनेकांना वाटतं. काळी बुरशी झाकली जाते खरी, पण पाहुण्याला ती वासावरून कळतेच. शिवाय लोणा फुटला की त्याचे पांढरे चट्टे निळ्यावर लांबूनच दिसतात. पांढरी भिंत ओल लगेच दाखवते. मालकाला ते खटकतं, पण गळती छोटी असतानाच दुरुस्त होते. रंग कोणताही असो, भिंत सुकली आहे का ते आधी पाहा. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर काम थांबवा.

निळा हवाच असेल तर एकाच भिंतीला द्या. खिडकीसमोरची भिंत नको, कारण सर्वात जास्त उजेड तीच परतवते. खिडकीचीही नको, अंधारी भिंत आणि मधोमध उजळ चौकोन डोळ्यांना खुपतो. उरली पलंगामागची, तीही पावसाचा मारा न बसणारी आतली भिंत.

शेड कार्डवरच्या दोन बोटांच्या पट्टीवरून ठरवू नका. दोन फुटांचा चौकोन रंगवून सकाळी, संध्याकाळी आणि दिव्याखाली पाहा. पिवळ्या दिव्यात निळा मळकट वाटतो. पांढऱ्यावर निळा चढवणं सोपं, पण निळ्यावरून पांढऱ्यावर येताना प्रायमर आणि जादा हात लागतात. त्यामुळे यंदाचा पावसाळा पांढऱ्यावर काढून दिवाळीत निळ्याचा विचार केला, तरी हंगाम बुडत नाही.