हिणकस नाण्यांची साक्ष

1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स जर्मनीच्या हाती पडल्याची वार्ता हिंदुस्थानात पोहोचताच नोटांवरील लोकांचा विश्वास डळमळला, आणि नोट मोडून चांदीचे रोख रुपये घरात ठेवण्याची अशी धांदल उडाली, की गरजेहून अधिक नाणी बाळगणे हा गुन्हा ठरविणारा हुकूम सरकारला काढावा लागला. त्याच वर्षी रुपयातील चांदी बारा भागांत अकरा होती ती निम्म्यावर आली, आणि बाकी भाग तांबे, निकेल व जस्त यांनी भरला गेला. या रुपयाची कड अवश्य न्याहाळावी. खोटी नाणी पाडणाऱ्यांस शह देण्याकरिता दातऱ्यांच्या मधोमध एक खोलगट रेघ फिरविलेली दिसेल.

पुढे युद्धसामग्रीसाठी निकेल अधिक निकडीचे ठरले, तेव्हा 1942 पासून आणा व दोन आणे पितळी, पिवळसर धातूचे निघू लागले. परंतु मला सर्वांत बोलका वाटतो तो 1943 चा भोकाचा पैसा. मध्यभागीचे वाटोळे छिद्र, त्यावर मुकुट, मागे पानांची वेलबुट्टी, आणि राजाच्या मुखवट्यास जागाच नाही. वजन जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी. तांब्याची टंचाई किती होती, हे कोणत्याही जाहीरनाम्याहून या छिद्रातून अधिक स्पष्ट कळते. खुर्द्याची मागणी एवढी वाढली होती, की मुंबई आणि कलकत्ता येथील टाकसाळी अपुऱ्या पडून त्याच वर्षी लाहोरास तिसरी उघडावी लागली.

चांदीचीही गत वेगळी नव्हती: युद्धकाळात सरकारला अमेरिकेकडून 22 कोटी 60 लाख औंस चांदी उसनी घ्यावी लागली होती. तिच्या फेडीकरिता युद्धानंतर ते निम्म्या चांदीचे रुपये परत गोळा करून कलकत्त्यातील अलीपूरच्या कारखान्यात आटविण्यात आले. भोकाच्या पैशांपैकीही कित्येक वायसर म्हणून खिळ्या-स्क्रूंखाली गेले. सोन्याच्या मोहरांची निगा राखणारे पुष्कळ आहेत. या सामान्य नाण्यांस मात्र कोणी वाली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून जुन्या डब्यात असा पैसा सापडल्यास तो चिंचेने घासून लखलखीत करू नये, कारण त्याने त्यावरील कोरीव काम झिजते. वर्ष आणि टाकसाळीची खूण टिपून घ्यावी, आणि तो कोरड्या कागदी पाकिटात जपून ठेवावा.