गोंगाटातली दिशा

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १९४ जण गेले. पाणबुडी नेमकी कुठे दबा धरून आहे, हे वेळेत कळलेच नव्हते.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. नौकेच्या तळाशी मीटरभर अंतरावर दोन 'कान' बसवले, तर आवाज एकात आधी, दुसऱ्यात किंचित उशिरा पोचतो. त्या उशिरावरून दिशा काढायची. हिशेब सोपा, पण लाटा, इंजिने, मासे सगळेच बोलत असतात! इथे संख्याशास्त्र धावून येते. गोंगाट प्रत्येक कानात आपापला, मनमानी. खरा आवाज मात्र सर्व कानांत एका नात्याने बांधलेला. दोन कानांतल्या नोंदींचे गुणाकार करून हजारो नमुन्यांची सरासरी घेतली, की मनमानी विरते, नाते उरते.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले नौदल अधिकारी आरोग्यस्वामी पॉलराज यांनी 'खुकरी'नंतर सोनार (दागिन्यांचा नव्हे, पाण्यात कान लावणारे यंत्र!) सुधारण्याचा ध्यास घेतला. त्यांचे 'अप्सोह' सोनार १९८३ मध्ये नौदलात आले. पुढे स्टॅनफर्डला, पुण्यात जन्मलेल्या थॉमस कैलाथ यांच्यासह त्यांनी आणि रिचर्ड रॉय यांनी 'एस्प्रिट' ही रीत मांडली. कानांचे दोन हुबेहूब संच थोडे सरकवून ठेवायचे. मग प्रत्येक कान कसा ऐकतो, हे आधी मोजत बसावे लागत नाही.

अनेक कानांची हीच विद्या पॉलराज यांनी नंतर बिनतारी संदेशांकडे वळवली. घरातल्या वायफायच्या डबीला दोन-चार शिंगे असतात, ती याच घराण्यातली.