जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या अंगणांत गणपतीला वाहायला जास्वंद हौसेने लावतात. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पिठूळ पांढरे पुंजके दिसले, की पिठ्या ढेकूण आला असे समजावे. त्यातली फिनॅकॉकस सोलेनॉप्सिस ही जात मूळची अमेरिकेतली. न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळात मिळालेल्या नमुन्यांवरून टिन्स्ली यांनी १८९८ साली तिचे वर्णन केले. पुढे शंभर वर्षांनी हीच कीड भारतातल्या कपाशीवर तुटून पडली.

परकी कीड किती घातक, हे चार गोष्टींवरून ठरते: ती कशावर जगते, किती वेगाने वाढते, कशी पसरते आणि तिचे शत्रू इथे आहेत का. पहिल्या तिन्ही कसोट्यांवर ही कीड भयंकर ठरते. जास्वंद, कपाशी, भेंडी, गाजर गवत अशा दीडशेहून अधिक वनस्पतींवर ती पोसते. एक मादी शेकडो पिल्ले घालते आणि महिनाभरात पुढची पिढी तयार होते. पिल्ले वाऱ्याने, कपड्यांना चिकटून किंवा रोपांसोबत दूर जातात; अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. त्याच चिकट्यावर काळी बुरशी वाढून पाने काजळतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतल्या कपाशीवरचे पिठ्या ढेकूण तपासले, तेव्हा ९५ टक्के नमुने याच जातीचे निघाले. त्यामुळे कपाशीच्या मुलखात जास्वंदीवरचा प्रादुर्भाव अंगणापुरता राहत नाही.

चौथी कसोटी मात्र थक्क करणारी आहे. एनेसियस नावाची इवलीशी गांधीलमाशी या ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते आणि उरते ती तपकिरी, कडक कोष झालेली कातडी. भारतात ही माशी कोणी मुद्दाम आणलेली नाही. २००९ साली नवी जात म्हणून तिचे वर्णन झाले आणि नंतर कळले, की ती अमेरिकेतलीच जुनी जात आहे. भक्ष्याच्या मागोमाग शत्रूही समुद्र ओलांडून आला होता!

म्हणून फवारणीआधी भिंगातून पुंजका पाहावा. तपकिरी कोष बरेच असतील, तर विषारी औषध मारू नये. त्याने ही माशीच मरते. कोष नसतील, तर किडलेले शेंडे छाटून नष्ट करावेत, बांधावरचे गाजर गवत उपटावे आणि रोपवाटिकेतून आणलेले रोप पानांच्या मागून, खोडाच्या बेचक्यांतून तपासल्याशिवाय अंगणात लावू नये.