दुखावलेला ससा व त्याची शुश्रूषा

शेतकऱ्याच्या दारीं बैल, गाय, म्हैस, शेळी व कोंबड्या असावयाच्याच. अलीकडे पुष्कळ घरीं मुलांच्या हौसेखातर सशांची एखादी जोडीही दिसूं लागली आहे. हें जनावर दूध देत नाहीं कीं औत ओढीत नाहीं. सबब त्यास दुखापत झाल्यास काय करावें, याचा विचार घरांतील कर्तीं माणसें सहसा करीत नाहींत. आम्हींही तो केला नव्हता. गेल्या आषाढांत आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यावरून आमचें अज्ञान आम्हांस कळून आलें. आमच्या हातून झाली ती चूक इतरांच्या हातून होऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या नातीचा एक पांढरा ससा आहे. संध्याकाळीं त्यास खुराड्याबाहेर काढून अंगणांत घटकाभर मोकळा सोडण्याचा तिचा परिपाठ. त्या वेळीं कुत्रा बांधलेला असावा असा घरचा नियम, आणि तो बांधण्याचें काम आमचें. त्या दिवशीं पावसानें उघडीप दिली म्हणून विहिरीवरची मोटार पाहण्यास आम्ही घाईनें निघालों आणि साखळीची कडी लावावयाची राहून गेली. पोरीची किंकाळी ऐकून परत येतों, तों कुत्र्यानें ससा तोंडांत धरलेला. आम्हीं दटावतांच त्यानें तो टाकला. सशाच्या खांद्यामागें दोन बारीक भोकें दिसत होतीं. रक्त म्हणाल तर चार थेंबांहून अधिक नव्हतें. ससा खुराड्याच्या कोपऱ्यांत जाऊन निमूट बसला. आम्हीं जखमेवर हळद दाबली, 'थोडक्यांत निभावलें' असें मुलीस सांगितलें आणि जेवावयास बसलों.

रात्रीं नऊच्या सुमारास नात म्हणाली, "आजोबा, त्यानें पाल्याला तोंडही लावलें नाहीं. आणि खुराड्यांत एकही लेंडी नाहीं." आम्हीं उत्तर दिलें, "भ्यायला आहे तो. झोंपूं दे, सकाळीं खाईल." पण ती खुराड्यापासून हलेना. अखेर तिच्या समाधानाकरितां तालुक्याच्या गांवच्या पशुवैद्यांस फोन केला. त्यांनीं जखमेविषयीं एक प्रश्न विचारला व खाण्याविषयीं चार विचारले. ऐकून घेऊन ते म्हणाले, "काका, सकाळची वाट पाहूं नका. आतांच घेऊन या."

असें त्यांनीं कां सांगितलें, हें समजण्यास या प्राण्याचा स्वभाव ठाऊक पाहिजे. पाळीव ससा मूळचा स्पेन व पोर्तुगाल या देशांकडील. बिळांत राहणारा आणि कोल्हे, गरुड आदि शिकाऱ्यांचें भक्ष्य असलेला हा प्राणी. (आपल्या शेतांत आढळणारा रानससा ही निराळी जात असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला संरक्षण आहे. तिचीं पिल्लें पिकांत सांपडल्यास घरीं आणूं नयेत. जेथें असतील तेथेंच राहूं द्यावीं.) कळपांतील जें जनावर दुबळें दिसतें, त्यावर शिकारी प्रथम झडप घालतो, म्हणून ससा आपलें दुखणें लपवितो. कुत्रें केकाटतें, बैल कण्हतो. ससा गप्प बसतो. त्याचें गप्प बसणें आम्हीं बरें असल्याची खूण मानली, तीच नेमकी धोक्याची खूण होती. पाठीला पोंक काढून बसणें, डोळे अर्धवट मिटणें, दांत करकर वाजविणें, अंग चाटून स्वच्छ करण्याचें सोडून देणें, हीं सशाच्या वेदनेचीं चिन्हें होत.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पोटाची. सशाचें आतडें रात्रंदिवस चालूं राहावें लागतें. त्याचें आंधळें आतडें फार मोठें असून तेथें असंख्य उपकारक जंतु गवत-पाला आंबवितात. त्यावरच त्याचें पोषण. भीति किंवा वेदना झाली कीं आतड्याची हालचाल मंदावते. ती मंदावली कीं खाणें थांबतें, आणि खाणें थांबलें कीं हालचाल आणखीच मंदावते. पोटांत वायु धरतो, दुखणें वाढतें. सशास ओकारी होत नाहीं, त्यामुळें त्या वाटेनेंही सुटका नाहीं. दहा-बारा तास सशानें कांहींच खाल्लें नाहीं, तर ती तांतडीची वेळ समजावी. जखम भरून येत असतांही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ससा दगावतो, त्याचें कारण बहुधा हेंच.

दुखापत होतांच घरीं काय करावें, तें आतां सांगतों. कुत्रा-मांजर दूर करून ससा अंधाऱ्या व शांत जागीं ठेवावा. भोंवतीं मुलांची व शेजाऱ्यांची गर्दी होऊं देऊं नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्यानें कांहीं मिनिटें दाबून धरावें. उचलतांना एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या अंगाखालीं द्यावा. कान धरून कधींही उचलूं नये. सशाचीं हाडें हलकीं व मागच्या पायांचे स्नायु बळकट. मागचें अंग लोंबतें राहिल्यास लाथ झाडतांना त्याचा स्वतःच्याच जोरानें कणा मोडतो. मागचे पाय फरफटत असतील अथवा मूत्र आपोआप गळत असेल, तर कणा दुखावला आहे असें समजून त्यास पुट्ठ्याच्या खोक्यांत घड्या घातलेल्या कापडावर न हलवितां न्यावें. अंग गार लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून एका बाजूस ठेवावी, आणि ऊब जास्त वाटल्यास त्यास सरकतां येईल एवढी जागा सोडावी. चावणारें कुत्रें अनोळखी किंवा लस न टोचलेलें असेल, तर तें वैद्यांस अवश्य सांगावें. त्याची लाळ ज्यांच्या हातास लागली असेल, त्यांनीं साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें हात धुवावे आणि माणसांच्या डॉक्टरांचा सल्ला त्याच दिवशीं घ्यावा.

दवाखान्यांत वैद्यांनीं जखमेभोंवतींचे केस कातरले, तेव्हां आमचे डोळे उघडले. वर दोन भोकें. पण खालीं तळहाताएवढी कातडी मांसापासून सुटलेली व काळीनिळी पडलेली. कुत्र्याचा दांत आंत शिरून डोकें हलविलें गेलें म्हणजे असें होतें, हें त्यांनीं दाखविलें. सशाच्या अंगाची स्वाभाविक उष्णता ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. आमच्या सशाची ३७ वर उतरली होती. त्यांनीं जखमेस हात लावण्यापूर्वीं ऊब दिली, कातडीखालून सलाईन दिलें व वेदनाशामक टोचलें. "वेदना थांबल्यावांचून हा खाणार नाहीं आणि खाल्ल्यावांचून जगणार नाहीं," असें ते म्हणाले.

येथें आमच्या दुसऱ्या चुकीची कबुली देणें भाग आहे. जखम पिकूं नये म्हणून घरांतील मुलाच्या आजारपणांतून उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आम्हीं खिशांत घालून नेल्या होत्या व रात्रीं अर्धी गोळी पाण्यांतून पाजावी असा बेत होता. वैद्यांनीं ती पट्टी पाहून तत्काळ बाजूस ठेवली. पेनिसिलिनच्या वर्गांतील औषधें, तसेंच लिंकोमायसिन व क्लिंडामायसिन, सशाच्या पोटांत गेल्यास आंधळ्या आतड्यांतील उपकारक जंतु मरतात, घातक जंतु माजतात आणि हगवण लागून ससा दगावतो. जें औषध वासरास अथवा मुलास तारतें, तें सशास मारूं शकतें. गोचिडांवर कुत्र्यास लावतात तें फिप्रोनिलही सशास विषारी आहे. यास्तव घरांतील कोणतेंही औषध वैद्यांस विचारल्याविना सशास देऊं नये.

घरीं आणल्यावरची शुश्रूषा कंटाळवाणी, पण अवघड नाहीं. पोटांत अडथळा नाहीं अशी खात्री वैद्यांनीं केल्यावर खाणें भरविण्यास सुरुवात करावी. सशाच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यांत भिजवून पातळ लापशी करावी. सुई काढलेली सिरिंज समोरच्या दांतांमागें जी मोकळी जागा असते, तेथून बाजूनें आंत सरकवावी व थोडें थोडें घालून गिळूं द्यावें. ससा उताणा करून भरवूं नये. लापशी श्वासनलिकेंत जाते. आम्हांस दर किलो वजनास एका वेळीं सुमारें १० मिलिलिटर, याप्रमाणें दिवसांतून पांच वेळां देण्यास सांगितलें होतें. जवळ वाळलेलें गवत, ताजा लसूणघास, कोथिंबीर व उथळ भांड्यांत पाणी सदैव ठेवावें. मन झाल्यास त्यानें आपण होऊन खावें. लेंड्या रोज मोजाव्या. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या व सारख्या आकाराच्या असतात. दुखण्यांत त्या बारीक होतात किंवा बंद पडतात. ससा आपल्या कांहीं मऊ लेंड्या गुदापाशीं तोंड नेऊन परत खातो. ती घाणेरडी खोड नव्हे. त्यांतून त्यास जीवनसत्त्वें मिळतात, म्हणून त्यास प्रतिबंध करूं नये.

जखम दिवसांतून दोन वेळां वैद्यांनीं दिलेल्या द्रवानें पुसावी. हळद, चुना किंवा राख यांचा लेप दाट केसांत चिकटून बसतो, खालीं पू कोंडतो व ससा तो चाटतो. पावसाळ्यांत माशांचें भय फार. माशी ओल्या किंवा मळलेल्या जागीं अंडीं घालते आणि एका दिवसाच्या आंत किडे पडतात. खुराड्यास बारीक जाळी लावावी, अंथरूण रोज बदलावें व शेपटीखालची जागा सकाळ-संध्याकाळ पाहावी. बैलाच्या जखमेंतील किड्यांवर टर्पेंटाईनचा बोळा घालण्याची वहिवाट आहे, ती येथें चालवूं नये. किडे दिसतांच वैद्यांकडे धांव घ्यावी.

आमच्या एका शेजाऱ्यांनीं हें सर्व पाहून म्हटलें, "अहो, या खर्चांत असले दोन ससे आले असते." हिशेबानें तें खरें आहे व आम्हीं त्यांच्याशीं वाद घातला नाहीं. परंतु रानांतल्या सशास पळावयास बीळ असतें. आम्हीं त्याचें बीळ काढून घेतलें, त्यास खुराड्यांत ठेवलें, आणि कुत्रा मोकळा आम्हीं सोडला. ज्या जनावराची पळून जाण्याची वाट आपण बंद केली, त्याच्या रक्षणाचा भार आपल्यावर येतो. मग त्याची बाजारांतील किंमत कांहींही असो. शिवाय ती दहा वर्षांची मुलगी आमच्याकडे पाहत होती. उद्यां गोठ्यांतील गाय अडली, तर वैद्यास बोलवावयाचें कीं नाहीं, हें ती आज शिकत होती.

पहिल्या रात्रीं आम्ही दोघें आळीपाळीनें जागलों. दुसऱ्या दिवशीं दुपारीं खुराड्यांत तीन बारीक लेंड्या दिसल्या. त्या पाहून घरांत जो आनंद झाला तो सांगावयास संकोच वाटतो. तिसऱ्या दिवशीं सशानें कोथिंबिरीची काडी आपण होऊन ओढली. जखम भरावयास तीन आठवडे लागले. आतां कुत्रा बांधल्याची कडी नात स्वतः ओढून पाहते आणि मगच खुराडें उघडते. आम्हीं बांधला आहे असें सांगितलें तरी ती पाहतेच, आणि आम्ही तिला रागें भरत नाहीं.