चाळीस साइट्स, साचा मात्र एकच

निकालाचा दिवस. कॉलेजचा सर्व्हर सुरू आहे, पिंगला उत्तरही देतोय. पण पानावर निकालाऐवजी डेटाबेसची एरर. सर्व्हर जिवंत असणं वेगळं आणि साइट चालणं वेगळं. त्यामुळे पहारा पानावरच ठेवावा लागतो.

हे काम झॅबिक्ससारखं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर करतं. त्यात 'वेब सिनॅरिओ' तयार केला की सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने साइट उघडून बघतं. साइट एक असेल तर सोपं. कॉलेजं, पतसंस्था, दुकानं अशा चाळीस साइट्स एकाच माणसाकडे असतील, तर तीच माहिती चाळीसदा भरायची का?

तशी गरज नाही. सिनॅरिओ टेम्प्लेटमध्ये एकदाच लिहायचा आणि पत्त्याच्या जागी मॅक्रो, म्हणजे रिकामी जागा ठेवायची. टेम्प्लेट सगळ्या होस्टना जोडलं की प्रत्येक होस्टवर फक्त त्याचा पत्ता भरायचा. टेम्प्लेटमधली किंमत आणि होस्टवरची किंमत वेगळी असेल, तर होस्टवरची चालते. उद्या तपासणीची वेळ बदलायची झाली, तर बदल एकाच ठिकाणी.

तीन गोष्टी मात्र विसरू नयेत. पहिली, अपेक्षित स्टेटस कोडमध्ये २०० लिहावं. रकाना रिकामा राहिला तर कोड तपासलाच जात नाही, मग ५०० आला तरी पास! दुसरी, पानावर हमखास असणारा एखादा शब्द 'आवश्यक मजकूर' म्हणून द्यावा. एररचं पान कधी कधी २०० कोड घेऊनच येतं, ते इथे पकडलं जातं. तिसरी, एसएसएल प्रमाणपत्राची पडताळणी मुळात बंद असते, ती सुरू करावी. मुदत संपण्याआधी सूचना हवी असेल, तर झॅबिक्स एजंट २ चं वेगळं टेम्प्लेट आहे.

आता हिशेब. दर मिनिटाला तपासणी म्हणजे चाळीस साइट्सच्या दिवसाला ५७,६०० फेऱ्या; पाच मिनिटांनी केली तर ११,५२०. कमी महत्त्वाच्या साइट्सना पाच मिनिटं पुरतात. शिवाय सलग तीनदा नापास झाल्यावरच मेसेज जाईल असा ट्रिगर लावावा. क्षणभर नेट गेलं म्हणून रात्री दोनला फोन वाजत राहिला, तर खऱ्या बिघाडाच्या मेसेजकडेही दुर्लक्ष होतं.