कवळीशी जुळवून घेताना

गेल्या आषाढात सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या. गावात त्यांना सगळेच 'बाई' म्हणतात; मीही म्हणतो. चार महिन्यांत त्यांचे वजन पाच किलोंनी घटले होते. मधुमेह जुना. मी रक्त तपासले, छातीचा एक्स-रे काढविला, पोटाची सोनोग्राफी करविली. साखर थोडी वाढलेली आढळली, बाकी सर्व अहवाल समाधानकारक होते. साखर वाढली म्हणून मी मधुमेहाच्या गोळीची मात्रा वाढविली. आठच दिवसांनी पहाटे बाईंना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. घरच्यांनी साखरपाणी पाजून त्यांना सावरले आणि सकाळी दवाखान्यात आणले.

त्या दिवशी त्यांच्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, आई जेवतच नाहीत हो. चहात बिस्किट बुडवून खातात, फार तर मऊ भात. कवळी कपाटात, स्टीलच्या डबीत असते."

दवाखान्यात येताना मात्र बाई कवळी लावून येत. त्यांची एकसारखी शुभ्र दंतपंक्ती मी दर भेटीत पाहत होतो आणि कौतुकही केले होते. ती फाल्गुनात बसविलेली आहे आणि वजन तेव्हापासूनच उतरत आहे, ही सांगड माझ्या ध्यानात आली नाही. बिस्किट आणि भात यांनी साखर वाढत होती, आणि ज्या दिवशी तेवढेही खाल्ले जाई ना, त्या दिवशी वाढीव गोळी त्यांना खाली खेचत होती. मधुमेही माणसाचे जेवण कोणत्याही कारणाने कमी झाले, तर ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळले पाहिजे. औषधाची मात्रा जेवणाच्या हिशेबाने ठरलेली असते.

"दुखत होतं तर दंतवैद्याकडे परत का गेला नाहीत?" मी विचारले. बाई म्हणाल्या, "मुलानं एवढा खर्च केला. आता दुखतंय म्हणून कसं सांगू? आणि सगळे म्हणतात, सवय होईल."

सवय होते, हे खरे आहे. परंतु सवय कशाची व्हावी आणि कशाची होऊ देऊ नये, हा भेद घरातील सर्वांनाच ठाऊक हवा.

नवी कवळी तोंडात आली की मेंदू प्रथम तिला अन्नाचा घास समजतो, म्हणून पहिले काही दिवस लाळ भरभरून सुटते. तोंड भरल्यासारखे वाटते, जिभेला जागा अपुरी पडते, वरच्या कवळीची मागची कड टाळूला लागून काहींना उमासे येतात. लाळ थुंकत न बसता गिळत राहावे, नाकाने संथ श्वास घ्यावा; बहुतेकांचा हा त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो.

वरची कवळी बसते, खालची हलते, ही तक्रार तर सार्वत्रिक आहे. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात, तशी वरची कवळी लाळेच्या पातळ थराने टाळूला धरून राहते. खालच्या कवळीला असा विस्तार मिळत नाही. ती नालाच्या आकाराची, अरुंद. मध्ये सतत हलणारी जीभ. तिला जीभ, गाल आणि ओठ यांनीच सांभाळायचे असते, आणि हे कसब सायकल चालविण्यासारखे सरावानेच येते. त्यामुळे ज्यांच्या तोंडाला कोरड असते, त्यांना कवळी जड जाते. ॲलर्जी, नैराश्य, लघवीवर ताबा न राहणे यांवरील काही औषधांनी लाळ आटते. अशा वेळी गोळ्यांची यादी आपल्या डॉक्टरांना दाखवावी. पुष्कळदा औषध बदलता येते.

चावण्याचे तंत्र तर नव्यानेच शिकावे लागते. आयुष्यभर आपण एका बाजूने चावत आलेलो असतो; कवळीने तसे चावले की दुसरी बाजू उचलली जाते. म्हणून घासाचे दोन भाग करून दोन्हीकडच्या दाढांखाली ठेवावेत आणि हळूहळू चावावे. पुढच्या दातांनी पेरू किंवा चकली तोडू नये. फोडी कराव्यात, सुरीने लहान तुकडे करावेत. पहिला आठवडा मुगाची खिचडी, शिरा, उकडलेला बटाटा, दूध-भाकरीचा काला. मग मऊ पोळी, शिजलेल्या भाज्या, पनीर, अंडे. भाकरीचा पापुद्रा आणि कोशिंबीर त्यानंतर. नीट चावता येण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तरीही कवळीचा जोर नैसर्गिक दातांच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढाच असतो. 'चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण कवळीनंतरही थोडी खरी उरते. चण्यांचे पीठ मात्र खाता येते, आणि पिठल्याला कोण नाही म्हणेल? डाळ, दही, अंडी हे प्रथिनांचे पदार्थ या काळात सुटू देऊ नयेत.

बाईंचे दुसरे दुःख मला उशिरा कळले. दर चातुर्मासात त्या देवळात बायकांना 'हरिविजय' वाचून दाखवीत. यंदा आषाढी एकादशीला त्यांनी नाही म्हटले. 'स' उच्चारताना शीळ वाजते, याची त्यांना लाज वाटे. मराठीतील 'त', 'द', 'स' आणि 'चमच्या'तला 'च' या साऱ्यांना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकवावी किंवा जवळ न्यावी लागते. तीच जागा कवळीने जाड झालेली असते. दार लावून रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे, हाच उपाय. एकसष्ट ते एकोणऐंशी आकडे म्हणणे हा तर शिळेवरचा सर्वोत्तम व्यायाम आहे.

दुखण्याची मात्र सवय करून घेऊ नये. पहिल्या दिवसांत हिरडी हुळहुळणे स्वाभाविक आहे. परंतु एकाच ठिकाणी टोचत असेल, व्रण पडला असेल, तर दंतवैद्याने तेवढी जागा घासून द्यायची असते. कवळीच्या कामात या फेऱ्या गृहीतच असतात, त्यात संकोच कसला? जाण्यापूर्वी एक दिवस कवळी लावून ठेवावी, म्हणजे टोचण्याची जागा दिसते. घरी कानस किंवा ब्लेड चालवून कवळी बिघडवलेले महाभागही मी पाहिले आहेत. आणि कवळी काढून ठेवूनही दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, विशेषतः तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्याच्या तोंडातील, कर्करोगासाठी तपासलाच पाहिजे.

रात्री कवळी काढावी. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात, 85 वर्षांवरील जी माणसे कवळी लावून झोपत, त्यांच्यात न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. हिरड्यांनाही विश्रांती लागते. नाहीतर कवळीखाली बुरशी वाढून टाळू लालभडक होतो. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने कवळी घासावी; टूथपेस्टने चरे पडतात. उकळते पाणी नको, त्याने तिचा आकार बिघडतो. धुताना खाली पाणी भरलेले पातेले ठेवावे; हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्रभर ती साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. बाईंची कवळी चार महिने कोरड्या डबीत पडून होती.

दंतवैद्याने बाईंच्या खालच्या कवळीचा एक कोपरा घासला. पाच मिनिटांचे काम. मी गोळी पूर्वीच्या मात्रेवर आणली. मुलाला वेगळे बोलावून सांगितले की कवळी करून देण्याइतकेच आईला तीन-चार वेळा दंतवैद्याकडे घेऊन जाणे त्याचे काम आहे, आणि पंगतीला बसल्यावर तिच्या तोंडाकडे कोणी पाहत राहू नये.

आश्विनात बाईंचे वजन दोन किलोंनी वाढले होते. पोथीचे शेवटचे अध्याय त्यांनीच वाचले. सूनबाई सांगत होत्या, 'स' अजून थोडा वाजतो. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात जबड्याचे हाड सर्वांत जास्त झिजते आणि कवळी सैल होऊ लागते, तेव्हा आतून नवे अस्तर लावावे लागते. त्यासाठी माघात दंतवैद्याकडे जायचे आहे, असे मी त्यांच्या कागदावर लिहून दिले आहे.